गुरुजींनी मला दिलेले मार्क

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. "प्रश्न छापलाय तसाच विचारायचा, आणि मग गप्प बसायचं," असं त्यांनी मला तीनदा बजावलं. पण मी पडले राणीसावरगावची. आमच्याकडं समोर माणूस बसलेलं असताना गप्प राहणं म्हणजे त्याचा अपमानच की! मी मान डोलवायची आणि पुन्हा बोलायची ते बोलायचीच.

विद्यापीठानं डिप्रेशनवरच्या एका नव्या उपचाराच्या अभ्यासासाठी परभणीत ही लॅब काढली तेव्हा आम्ही तिघंच होतो. मॅडम मानसोपचाराच्या डॉक्टर, पुण्याकडच्या. मशीन सांभाळायला इंजिनिअर साहेब. आणि पेशंटची विचारपूस करायला मी. गोळ्यांनी ज्यांचं डिप्रेशन हटत नाही, अशांच्या डोक्याला मशीनची कॉइल लावायची. तिच्यातून चुंबकाचे हलके ठोके मेंदूच्या एका ठरावीक जागी जातात. टक, टक, टक. शॉक नसतो. हे 'शॉक नसतो' सांगण्यातच माझा निम्मा दिवस जायचा, कारण गावाकडं कुणीतरी सांगून ठेवलेलं असायचं की तिथं करंट देतात.

आठवड्याचे पाच दिवस मशीन, असे सहा आठवडे. दर शुक्रवारी माझे प्रश्न. झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, आणि सगळ्यात शेवटी, जगू नये असं मनात येतं का. उत्तरावरून आकडा मांडायचा. आकडा उतरला म्हणजे माणूस सुधारला.

इंजिनिअर साहेब दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली तीन डोक्याच्या तेलावर. तेलानं डोक्यावरची खुणेची टोपी सरकते, टोपी सरकली की ठोक्याची जागा चुकते, म्हणून तेल लावून यायचं नाही. लोक ऐकायचे थोडेच! तेल चोपडून यायचे आणि साहेब शाम्पूची पुडी हातात द्यायचे. एका गुरुजींना मात्र त्यांनी एकदाच सांगितलं आणि गुरुजी पुन्हा कधी तेल लावून आले नाहीत.

हे गुरुजी चुडाव्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. रेल्वेनं यायचे. पांढरा सदरा, खिशाला पेन. दोन वर्षांपासून मन पार विझून गेलेलं. "कशातच राम न्हाई वाटत, ताई," एवढंच म्हणायचे, आणि तेही माझी माफी मागितल्यासारखं.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांचा आकडा होता तिथंच होता. मी वही मिटली आणि सवयीनं बोलून गेले, "आवं गुरुजी, असं करू नका बरं का. तुमी बरे झाले न्हाई तर मॅडम मला घालवून देतील. मंग मी जाते गावाकडं शेळ्या राखायला!"

गुरुजी कसनुसं हसले. मला वाटलं, चला, हसले तरी.

पुढच्या शुक्रवारी आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी खाली. झोप लागायलीय, भूक लागायलीय, नातवाला गणितं शिकवायलोय. शेवटच्या प्रश्नाला एकदम ठाम, "न्हाई. अजिबात न्हाई." साहेबांनी ग्राफ काढून भिंतीवर चिकटवला. मॅडम त्याच्याकडं बघत चहा प्यायच्या आणि मला म्हणायच्या, "बघा, गोळ्यांनी काही झालं नव्हतं या माणसाला." मी तर हवेतच होते. घरी आईला सांगितलं, आमच्या हातून एक माणूस उठलाय.

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, गुरुजींच्या सोबत त्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, आल्या. गुरुजी आत मशीनखाली बसले. काकू बाहेर बाकड्यावर, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "काय काकू, गुरुजीत लय फरक पडलाय ना?"

"कोन मनलं?"

"गुरुजीच मनले. झोप लागायलीय, जेवन जायलंय. नातवाला गणितं शिकवायलेत."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की माझंच हसू मला नकोसं झालं. "नातू नाशिकला असतो, माय. दिवाळीपासून आला न्हाई. आन् जेवन? अर्धी भाकर कुत्र्याला टाकतात, मला वाटावं खाल्ली मनून. मी आज उगंच आले का संगं? त्यांना एकट्याला सोडायचं भ्याव वाटायलंय मला."

"मंग माझ्याजवळ असं का सांगितलं त्यांनी?"

काकू खाली मान घालून म्हणाल्या, "मला मनले, त्या पोरीची नोकरी जाईल. गरिबाची लेक दिसती. आपल्यापायी तिचं कशाला वाईट करायचं?"

देवा, काय बोलून बसले मी! आमच्याकडं असल्या चेष्टा उठता-बसता चालतात, कुणी मनावर घेत नाही. पण हा माणूस जन्मभर मास्तर. शाळेत तपासणीला साहेब आले की फळ्यापासून पोरांच्या नखांपर्यंत सगळं कसं ठीकठाक दाखवायचं, हे त्यांनी सारी नोकरी केलेलं. आणि काठावरचं पोर असेल तर दोन मार्क वाढवून वर ढकलायचं, हेही. माझा शुक्रवार म्हणजे त्यांनी माझीच तपासणी धरली होती आणि मला काठावरची पोरगी ठरवून पास करत होते. स्वतःचा जीव पणाला लावून.

मी सरळ मॅडमच्या खोलीत गेले. खोटं कशाला बोलू, वाटेत एकदा मनात आलं, एकच आठवडा उरलाय, राहू द्यावं. मग त्या विचाराचीच लाज वाटली. सगळं सांगितलं. साहेबही मशीन थांबवून दारात येऊन उभे राहिले होते. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "शेवटचा प्रश्न. त्याचंही उत्तर खोटं असेल?"

"मला न्हाई माहीत."

"मग आत्ता विचारून या."

"मी? मॅडम, तुम्ही विचारा ना. माझ्यानं न्हाई होणार."

"मला ते पुन्हा तपासणीला आलेल्या साहेबाला देतात तसं उत्तर देतील. खोटं त्यांनी तुमच्यासाठी सांगितलंय. खरंही तुम्हालाच सांगतील."

इंजिनिअर साहेबांनी भिंतीवरचा ग्राफ काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

मी गुरुजींच्या समोर खुर्ची ओढून बसले. वही घेतली नाही. म्हणाले, "गुरुजी, मी त्या दिवशी चेष्टा केली होती. माझी नोकरी तुमच्यावर न्हाई. तुमी बरे झाले काय, न झाले काय, माझा पगार चालूच राहतो. मूर्ख हाय मी. तोंडाला येईल ते बोलते."

"असं का," गुरुजी म्हणाले. सदऱ्याच्या बाहीचं बटण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं.

"आता मला खरं सांगा. जगू नये असं मनात येतं का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. आणि नवल म्हणजे मीही बोलले नाही. जिंदगीत पहिल्यांदा मी समोरच्या माणसाला गप्प बसू दिलं.

"येतं," ते म्हणाले. "रोज येतं. आज गाडीत बसल्यावर बी आलं. शेजारी ही बसलेली, तरी आलं."

मी त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार होता. आणि गुरुजी माझ्याकडं वाकून, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "पन ताई, आता हे तुमाला वर कळवावं लागंल. मागचं सगळं खोटं निघालं मनून तुमच्यावर काही कारवाई तर न्हाई ना होनार?"

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडले. "आग लागो त्या नोकरीला, गुरुजी! तुमी मरायच्या गोष्टी करायलाव आन् फिकीर माझी करायलाव? मी तुमची कोन लागून गेले? जरा सोताची करा की!" ओरडत होते आणि रडत होते. माझा आवाज ऐकून काकू आत आल्या, मॅडम आल्या. गुरुजी माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. दोन वर्षांत एक टिपूस न काढलेला तो माणूस काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान लेकरागत रडला.

त्याच दुपारी मॅडमनी त्यांना वॉर्डात दाखल केलं. अभ्यासातून त्यांचं नाव निघालं. 'चूक आमची' असं मॅडमनी स्वतःच्या सहीनं वर लिहून कळवलं. उपचार लांबला. गोळ्या बदलल्या, मशीन पुन्हा लावलं, मधे एकदा तब्येत घसरली, पुन्हा सावरली. आमच्या अहवालात एक माणूस कमी आहे.

परवा काकूंचा फोन आला, अगदी रडकुंडीला येऊन. गुरुजी ताटावरून उठून गेले होते. आमटीत मीठ न्हाई, भाकरी कच्ची, आन् चाळीस वर्षं झाले तुला सांगतोय, असं म्हणून भांडायलेत. "काय करू माय मी या मानसाचं?" काकू म्हणाल्या.

"काही करू नका, काकू," मी म्हणाले. "भांडू द्या त्यांना."