साखर सोडलेली मुंगी

“हा रिपोर्ट या बाईंचा असूच शकत नाही. तुमच्याकडे नळ्यांची अदलाबदल झालीय,” असं पलीकडचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आणि मुंगीताईचं डोकंच फिरलं.

तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवा, अक्षराला ठेवा, फार तर नवऱ्याच्या निवडीलाही ठेवा, तो स्वतःही हसून मान डोलावेल. पण नळीला नाही. अकरा वर्षं ती रक्त तपासायच्या त्या तीन खोल्यांच्या लॅबमध्ये होती. बाहेर बाकडी, मध्ये रक्त घ्यायची खुर्ची, आत मशीन. इतक्या वर्षांत एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं.

खरं नाव तिथे कोणी घेत नसे. सुई टोचण्याआधी ती प्रत्येकाला म्हणायची, “मुंगी चावल्यासारखं होईल, बस.” आणि खरंच तेवढंच व्हायचं. एकदा एका आजोबांनी रक्त देऊन झाल्यावर विचारलं होतं, “कधी घेणार?” तेव्हापासून ती मुंगीताई.

रिपोर्ट घेऊन कोणी कुरकुर करायला लागलं की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं, “मशीन खोटं बोलत नाही. आकडा मी सांगते, अर्थ डॉक्टरांना विचारा.” हे ती इतक्या ठामपणे म्हणायची की भांडायला आलेला माणूस पैसे देऊन, वर आभार मानून जायचा.

तर अशा बाईच्या स्वतःच्या आकड्यांचं सगळंच बिनसलेलं होतं. पीसीओएस. पाळी मनात येईल तेव्हा यायची, नाहीतर तीन-तीन महिने तोंड दाखवायची नाही. हनुवटीवर राठ केस, आणि डोक्यावर जिथे हवेत तिथले कंगव्यात. मूल हवं म्हणून दोन वर्षं वाट बघून झाल्यावर तिच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या. गोड आणि मैदा बंद, रोज पाऊण तास चालणं, पाण्यात घालून घ्यायची इनोसिटॉलची पूड, फॉलिक ॲसिडची गोळी. “वजन थोडं उतरू दे, मग बघू,” म्हणाल्या.

मुंगीताईने ते लॅबच्या शिस्तीने केलं. काट्यावर तोलून कडधान्यं, घड्याळ लावून चालणं. लॅबमध्ये कुणाचा वाढदिवस असला की सगळे केक खायचे आणि ही कोपऱ्यात बसून काकडी चावायची. काउंटरवरच्या मुलीने बारसंच केलं, “साखर सोडलेली मुंगी! जगात एकच असेल.” मुंगीताईही हसली. सात किलो उतरले. पाळी चाळीस दिवसांवर आली, मग पस्तीसवर.

पण डॉक्टरांच्या चार ओळींवर थांबेल तो संसार कसला! हितचिंतक काय, पैशाला पासरी. शेजारणीने दालचिनीच्या कॅप्सूल दिल्या, मामीने जवसाचं तेल. धाकट्या नणंदेचं ब्यूटी पार्लर होतं. तिने कंगव्यातला पुंजका बघितला आणि गोळ्यांची डबीच हातात ठेवली. “वहिनी, केसांसाठी ही घे. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना देते. तुझी तर हालत बघ, तू दोन-दोन घे.” पोरगी जीव लावणारी, मुंगीताईला नाही म्हणवेना. रोज सकाळी नाश्त्याबरोबर दोन. केस गळायचे मात्र खरंच थांबले, उगाच कशाला खोटं बोला.

या खेपेला पन्नास दिवस झाले तरी पाळी नाही. बाजारातल्या गर्भ तपासायच्या पट्ट्यांवर तिचा विश्वास नव्हता. सोमवारी लॅबमध्ये आल्या आल्या तिने दंडाचा पट्टा दातात धरून स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढलं. फॉर्मही रीतसर भरला. ‘चालू औषधं’ या रकान्यात पूड आणि फॉलिक ॲसिड लिहिलं. नळी मशीनमध्ये घातली. आकडा आला दोन पूर्णांक नऊ. म्हणजे काही नाही. पाचच्या खाली सगळं नाहीच.

मशीन खोटं बोलत नाही. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “ठीक आहे, पाळी आणायच्या गोळ्या सुरू करा, दहा दिवस. पुढच्या महिन्यात बीज तयार व्हायच्या गोळ्या देऊ.” मुंगीताईने तोंड धुतलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. तिला रडू आलं नाही, राग आला. सात किलो, दोन वर्षं, एवढी काकडी, आणि उत्तर काय तर दोन पूर्णांक नऊ!

आणि आज बुधवारी हे डॉक्टर म्हणत होते, नळ्यांची अदलाबदल.

तिने तावातावाने नळी काढली, चिठ्ठी काढली, फॉर्म काढला. सगळं जिथल्या तिथे होतं. रिपोर्ट कापडदुकानवाल्या एका बाईंचा होता. थायरॉईड एवढं चढलेलं की या बाईंचे हात थरथरायला हवेत, छाती धडधडायला हवी, झोप उडायला हवी. आणि त्या बाई तर रक्त देताना खुर्चीतच पेंगल्या होत्या.

लॅब ज्यांची, त्या मोठ्या बाई आतून आल्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, “फोन लाव त्यांना. विचार, केसांसाठी, नखांसाठी काही घेतात का.”

मुंगीताईने विचारलं. “हो, बायोटिन का काय ते. मुलगी आणते,” बाई जांभई देत म्हणाल्या.

“तरीच,” मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. “हे नवं मशीन आहे ना, त्याच्या रसायनाला मोजमाप करायला बायोटिनच लागतं. रक्तात ते आधीच भरून वाहत असलं तर सगळ्या खुर्च्या तेच अडवतं. काही आकडे उगाच चढतात, काही पडतात. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय. मी वाचलं होतं, पण आपल्या फॉर्ममध्ये घालायचं राहिलं. चूक माझी.”

मुंगीताईने हातातली नळी जागेवर ठेवली.

“बाई,” तिने विचारलं, “गर्भाची तपासणी?”

“तीसुद्धा. त्यात आकडा कमी येतो. असून नसल्यासारखा.” मग मोठ्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “का गं?”

“मी घेते, केसांच्या त्याच गोळ्या. रोज दोन. सोमवारीही घेऊनच आले होते.” आणि मग तिचा आवाज फाटला. “आणि परवापासून पाळी आणायच्या गोळ्या घेतेय मी! दोन पोटात गेल्या, बाई!”

अकरा वर्षं ती माणसामाणसाला विचारत आली होती, काही औषधं चालू आहेत का? स्वतःला विचारताना तिला केसांची डबी आठवलीसुद्धा नव्हती. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतात ते. नणंद देते ते काय औषध थोडंच असतं?

मोठ्या बाईंनी स्वतःच तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून तिच्या कानाला दिला. “गोळ्या आत्ताच्या आत्ता थांबवा,” तिकडून आवाज आला. “दोन गोळ्यांनी काही बिघडत नाही, घाबरू नका. पण ती केसांची डबी आधी बंद करा. आणि पुढच्या महिन्यातल्या गोळ्या मी या रिपोर्टच्या भरवशावर देणार होते, अहो! बरं झालं वेळेत कळलं.” घाबरू नका असं ती स्वतः रोज तीस माणसांना सांगत असे. ते वाक्य किती कुचकामी आहे, ते तिला आज कळलं.

लॅबमध्ये उरलेलं रक्त सात दिवस फ्रीजमध्ये ठेवायची रीत होती. सोमवारची नळी तिसऱ्या ओळीत उभी होती. दुसऱ्या एका लॅबमध्ये वेगळ्या पद्धतीचं मशीन होतं, तिथे नमुने पोचवणाऱ्या काकांच्या हातात मोठ्या बाईंनी ती दिली. उत्तर यायला चार तास.

ते चार तास मुंगीताईने काम केलं म्हणायचं. एका धडधाकट माणसाची दोरीसारखी शीर तिला दोनदा सापडली नाही. “मुंगी कसली, विंचू आहे हा!” तो ओरडला. तिने माफी मागितली आणि नणंदेचा फोन आला तो घेतला नाही. काय बोलणार होती? त्या पोरीने प्रेमाने दिल्या होत्या.

तीन वाजता त्या लॅबमधून एका मुलीचा फोन आला. सपाट, घाईतला आवाज. “आकडा एकशे अठरा. अर्थ तुमच्या डॉक्टरांना विचारा.”

मुंगीताई रक्त देणाऱ्यांच्या खुर्चीत बसली. अकरा वर्षांत त्या खुर्चीत ती सोमवारीच काय ती बसली होती, तीही घाईघाईत. तिला आनंद झाला का? झाला, पण तो कुठेतरी मागे रांगेत उभा होता. पुढे नुसता धक्का होता. पोटात कोणीतरी होतं, आणि तिने स्वतःच्या हाताने नाही असा शिक्का मारला होता.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर होता.

“अहो, एकशे अठरा,” ती म्हणाली.

“एवढं कसं झालं? सात किलो उतरलं होतं ना?”

“वजन नाही हो! सोमवारचा रिपोर्ट चुकला. आहे. पोटात आहे!”

तो म्हणाला, “आलोच, लिफ्टने खाली येतो.” आणि लगेच, “अरे, ती तर मीच उघडून ठेवलीय. जिन्याने येतो. तू हलू नकोस तिथून.”

ती हसली, आणि हसता हसता दिवसभराचं रडू एकदम बाहेर आलं. मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “परवा पुन्हा रक्त घेऊ, आकडा वाढायला हवा. तोवर घरी जा, आराम कर,” म्हणाल्या.

पण मुंगीताईची नजर मोठ्या बाईंच्या टेबलावरच्या कागदांवर गेली. नवं मशीन आल्यापासूनच्या सहा महिन्यांत हीच तपासणी करून ‘नाही’ ऐकून गेलेल्या बायकांची ती यादी होती. त्यांनाही मशीनने असंच फसवलं होतं का, ते विचारून घ्यायचं होतं. त्यातलं एक नाव तिला आठवलं. अठरा-एकोणीस दिवसांपूर्वीची ती, डोक्याला रुमाल बांधलेली, कपाळावरचे केस विरळ. रिपोर्ट घेऊन अर्धा तास बाकड्यावर बसून होती. जाताना काउंटरपाशी येऊन तिने हळूच विचारलं होतं, “मशीन चुकत नाही ना कधी?” आणि मुंगीताईने मान ताठ करून आपलं ते ठरलेलं वाक्य सुनावलं होतं.

“बाई, नवरा येईपर्यंत एक फोन करते,” ती म्हणाली.

घंटा चार वेळा वाजली.

“मी लॅबमधून बोलतेय. एक विचारायचं राहिलं होतं. तुम्ही केसांसाठी काही गोळ्या घेत होतात का हो?”

“घेते की, अजून घेते,” पलीकडची म्हणाली. “का हो? ती काय औषधं थोडीच आहेत?”