‘पुन्हा दाखवा’ म्हणणारा कोल्हा

साखऱ्याच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा माझ्या हातात कापडी पिशवी होती आणि मागे आठवी नापासाचा निकाल. आबांनी, म्हणजे वडिलांनी, निरोप म्हणून एवढेच सांगितले, "शहरात वाघावानी राहू नगं. कोल्ह्यावानी ऱ्हाय."

गावी राहिलेल्या आप्तांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बंधूंनो, तो कोल्हा आपणां सर्वांस परिचित आहे. पिंजऱ्यातून सोडवणाऱ्या वाटसरूलाच वाघ खायला निघतो. कोल्हा निवाड्यास बसतो आणि भोळेपणाने म्हणतो, "मला काई उमजंना. कोण कुठं व्हतं, पुन्हा दाखवा." दाखवण्यासाठी वाघ आत शिरतो. कडी लागते.

हिंगोलीत कचेरीबाहेर आज माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे, संगणक व प्रिंटर आहे आणि निम्मा तालुका माझ्याच भाषेत विनंती करतो, हे नम्रपणे नमूद करतो. सबब, शेजाऱ्याने काट्या टाकून आमच्या शेताची वाट अडवली, तेव्हा तो विषय मी स्वतः हाती घेतला.

आबा म्हणाले, "काट्या सारतो अन् जातो. अर्ज काहून?"

मी बजावले की, प्रकरण चालू असेपर्यंत त्या वाटेवर पाऊल ठेवायचे नाही. कायदा पाळणाऱ्याचीच बाजू भक्कम राहते. त्यांनी माझे ऐकले.

कचेरीतील साहेबांनी माझा चार पानी अर्ज चाळला. "नीट कळलं नाही. वाट कुठून होती, पुन्हा दाखवा." मी नकाशा काढला. साहेब बदलले, नव्यांनाही कळले नाही. दर वेळी मी अधिक सरस लिहिले. दोन पावसाळे गेले. मग पाहणीला माणसे आली, कमरेएवढ्या गवतात उभी राहिली आणि लिहून गेली : वहिवाट दिसून येत नाही.

आबा बांधावरच हसले. "लेका, कोल्हा त्यायचा निघाला की रे! अन् आपल्याला आत तूच घातलं."

दुबळ्यांना धीर देतात म्हणून अशा गोष्टी टिकतात, असे मी पूर्वी चारचौघांत सांगत असे. आता वाटते, त्या कुणाच्याच नसतात. कडी ज्याच्या हाती, त्याच्या कामी येतात, म्हणून टिकतात.

नातवंडांनी ती गोष्ट मागितली की आबा म्हणत, "इसरलो." ते काही विसरले नव्हते. गेल्या वर्षी ते वारले.

सणाला मी साखऱ्यास जातो, बांधावर उभा राहतो. पलीकडे आमच्या रानात बाभळी माजल्या आहेत. त्यांच्या आड विहिरीचा काठ तेवढा ओळखू येतो. घर म्हणून माझ्याकडे आता एवढेच दिसणे उरले आहे. "अर्जवाले, आलेच हाव तर च्या घेऊन जा," अशी मागून हाक येते. काट्या टाकणारा तो शेजारीच. गावात मला चहा विचारणारा तो एकटाच राहिला आहे, आणि मी जातो.