चाकं कुठल्या कप्प्यात गेली

पंपाच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे लेबलराव म्हणत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. त्याच्या घरी मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर' आणि दिव्याच्या बटणावर 'दिवा' लिहिलेलं होतं. "माझ्या कपाळावर 'बायको' तेवढं चिकटवायचं राहिलंय," असं बायको म्हणायची. त्यावर तो तिच्या कपाळाकडे निरखून बघायचा. अक्षरं केवढी हवीत याचा विचार करत असावा, अशी तिला दाट शंका होती.

पण लेबलरावाचा खरा संसार कम्प्युटरमध्ये होता. गाड्या चालवायचा एक खेळ त्याने हौसेने घेतला होता. या खेळाला जोडण्यासाठी जगभरचे रिकामटेकडे घरबसल्या काय काय बनवतात. कुणी नवा ट्रक, कुणी भोंगा, एकाने तर नुसते खड्डे बनवले होते. या जोडांना मॉड म्हणतात. लेबलरावाने दिसेल तो मॉड उतरवून घेतला. भांडी जमवता जमवता स्वयंपाकच राहून जावा, तसं त्याचं खेळणं राहून गेलं. कम्प्युटरमधला 'नवीन' हा कप्पा भरला तेव्हा 'नवीन नवीन' नावाचा दुसरा झाला, मग 'खरंच नवीन', आणि जे कुठेच बसेना ते 'इतर'मध्ये. 'इतर' सगळ्यांत मोठा होता.

त्याचे सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. गुडघे गेले, आणि त्यांची गोल नाकाची लाल बस त्यांच्याही आधी भंगारात गेली. जावयाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "लायसन्स नाही आणि घरात शंभर ट्रक," असं ते सांगत फिरायचे. एकदा जेवताना त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, तेव्हा लेबलरावाला राहवलं नाही.

"मामा, तुमची ती गोल नाकाची बस आहे माझ्याकडे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "चालते?"

"चालते तर!"

"मग रविवारी येतो. त्यानंतर थोरल्याकडे जातोय, कायमचाच. जाण्याआधी एकदा बसून घेतो तिच्यात."

म्हाताऱ्याचा आवाज असा हळू झालेला लेबलरावाने कधी ऐकला नव्हता. आता बस सापडली नाही तर जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

बस बनवणाऱ्याने आपलं संकेतस्थळ केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे पुन्हा उतरवून घ्यायची सोय नव्हती. पण शोधाशोध केल्यावर 'खरंच नवीन'मध्ये बस सापडली. लेबलरावाने तिथेच थांबायला हवं होतं. पण फायलींची नावं 'बस-फायनल', 'चाक-फायनल-फायनल' अशी होती. असली अडाणी नावं मामांना दाखवायची? त्याने रजा टाकली आणि सगळा संग्रह लावायला घेतला. बसचा सांगाडा 'बस, जुनी, लाल' या नावाने 'सांगाडे' कप्प्यात गेला. चाकं 'चाकं, गोल' होऊन 'चाकं'मध्ये. घंटी 'आवाज', त्यात 'धातू', त्यात 'मंजुळ'. जुनं नाव एकही शिल्लक ठेवलं नाही.

रविवारी सकाळी बायको दारात उभी राहिली. "अहो, बाबा स्टँडवर ताटकळत असतील."

"आलोच. फक्त 'इतर' राहिलंय गं."

"मीही त्यातच असेन. उठा!"

तो चरफडत उठला. बस चालवून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. गोदामात डबा मांडणीवर गेला की काम झालं, झाकण कोण उघडतं?

सासरे इस्त्रीचा सदरा घालून आले होते. टेबलाला लावलेलं स्टिअरिंग त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, पाय पेडलवर ठेवले. लेबलरावाने खेळ सुरू केला. पडद्यावर लाल बस आली. रस्त्यापासून हातभर उंच, अधांतरी. चाकं नव्हतीच. भोंगा दाबला तर आत सामसूम.

सासऱ्यांनी वाकून बसच्या खाली बघितलं. "जावईबापू, आमच्या डेपोतही चाकं चोरीला जायची. पण गाडी निदान जमिनीवर असायची."

लेबलरावाने घाईघाईने कप्पे उघडले. घोळ ध्यानात यायला वेळ लागला नाही. मॉडचे भाग एकमेकांना नावाने शोधतात. सांगाडा बिचारा 'चाक-फायनल-फायनल' म्हणून हाका मारत होता, आणि चाकं नवं नाव लावून आपल्या कप्प्यात शिस्तीत बसली होती. जुनी नावं आता कुणाला आठवणार?

"राहू द्या," म्हणत सासऱ्यांनी स्टिअरिंग सोडलं. "चष्मा कुठे ठेवला मी?"

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. बायकोने ते पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"आपल्याकडे हातोड्या किती?"

"दोन."

"छत्र्या?"

"त्याही दोन. का?"

"आधी आणलेली वस्तू विसरून तुम्ही दुसरी आणता. बसही दोनदा आणली असेल. ते 'इतर' उघडा."

सासऱ्यांसमोर 'इतर' उघडायचं म्हणजे पाहुण्यांपुढे माळा उघडण्यासारखं होतं. लेबलरावाने डोळे अर्धवट मिटून उघडलं. त्या उकिरड्यात बस जशीच्या तशी पडली होती. त्याचा हात लागला नव्हता, म्हणून धडधाकट होती.

या वेळी बस चार चाकांवर आली. इंजिन घरघरलं तशी सासऱ्यांची पाठ ताठ झाली. गुडघा चोळायचं विसरून त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली, वळणावर डौलात फिरवली, आणि एका रिकाम्या थांब्यावर अलगद उभी केली.

"का थांबलात मामा? कुणीच नाहीये."

"थांबा आहे ना? मग थांबायचं. आणि बेल दिल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. द्या, डबल बेल."

लेबलरावाकडे जगभरच्या घंट्या होत्या. त्याने 'आवाज' उघडलं, 'धातू' उघडलं, 'मंजुळ'मध्ये शिरला. सासरे क्लचवर पाय ठेवून वाट बघत होते.

"कंडक्टर! झोप लागली काय?"

लेबलरावाने माऊस सोडला, सासऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि तोंडानेच म्हणाला, "टिंग टिंग."

बस सुटली.