चाचांचा दात आणि बंगालचा उपसागर

वणीच्या त्या जिनिंगमध्ये अय्यूबचाचांना पगार हाताचा मिळतो की दाताचा, यावर हमालांमध्ये अधूनमधून वाद रंगायचा. हाताने ते रुईचे तंतू ओढून लांबी सांगत आणि दाताने ओलावा. शेतकऱ्याची गाडी गेटात आली की चाचा कापसात कोपरापर्यंत हात खुपसत, तळातला बुचकाभर कापूस काढत आणि त्यातली सरकी दाढेखाली फोडत. कट्ट आवाज झाला की कापूस कोरडा. सरकी मुकाट्याने चेपली की ओला. मग दुसरी सरकी शेतकऱ्याने फोडायची आणि दोघांचं एकमत झालं की गाडी आत घ्यायची, असा तिथला रिवाज. ओलावा मोजायचं यंत्रही होतं, पण ते घनश्यामशेठच्या कपाटात पडून असायचं. यंत्र शेठचं आणि दात चाचांचा. शेतकऱ्यांचा भरवसा कशावर असणार, हे शेठलाही ठाऊक होतं.

चाचांचे वडील पिंजारी. गाद्या भरता भरता त्यांनी पोराला कापूस ओळखायला शिकवलं आणि सोळाव्या वर्षी पोरगा जिनिंगला लागला. आता त्याला एकसष्टावं चालू होतं. बरोबरीचे सोबती कोळशाच्या ट्रकांवर गेले, त्यांची दोन-दोन मजली घरं उठली; चाचा मात्र पांढऱ्या मालाला चिकटून राहिले. माणूस प्रामाणिक, पण कापसाच्या बाबतीत महागर्विष्ठ. एकदा गाडीचा निकाल दिला की खात्रीसाठी पुन्हा सरकी फोडायची नाही, हा त्यांचा बाणा. या बाण्यानेच पुढे त्यांचा घात केला.

चाचांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मुंबईला जाणं झालं नाही आणि हजचा योग अजून यायचा होता. पण समुद्राशी त्यांचं रोजचं देणंघेणं होतं. जिनिंगमधल्या गाठी ट्रकने चंद्रपूरच्या रस्त्याला लागत, विशाखापट्टणमला कंटेनरात भरल्या जात आणि उपसागर ओलांडून बांगलादेशात चितगावला उतरत. तिथल्या सूतगिरणीसाठी माल घेणारे तोफज्जलसाहेब अकरा वर्षांपूर्वी एकदा वणीला येऊन गेले होते. गेटाजवळच्या बाकावर बसून दोघांनी अर्धा दिवस सरक्या फोडल्या होत्या. तेव्हापासून दर लॉटच्या आधी फोन यायचा आणि त्यात एकच सवाल असायचा, "अय्यूबभाई, दांत लगाया?" चाचा म्हणायचे, "लगाया." झालं. कागदपत्रं नंतर शेठ पाहायचे.

त्या फोनमधूनच चाचांना समुद्र कळला. तोफज्जलसाहेबांचं मूळ गाव एका बेटावर होतं. मशीद, बाजार, आजोबांची कबर, सगळं एकेक करून पाण्याने नेलं आणि माणसं चितगावला येऊन गिरण्यांच्या कामाला लागली. वणीकडची माती फुटून कापूस उगवायचा आणि तिकडे माती बुडालेल्या माणसांच्या पोरी त्या कापसाचं सूत काढायच्या, हे चाचांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. यवतमाळच्या दुकानात नुजहतने, म्हणजे त्यांच्या मुलीने, एकदा नवा शर्ट घेऊन दिला, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत कॉलर उलटी करून आधी लेबलावरचा देश वाचला होता. पाऊसही तिकडूनच यायचा. रेडिओ सांगायच्या आधी साहेबांचा फोन यायचा, "इधर पोर्ट में सिग्नल तीन लगा है, आपके उधर पानी जाएगा." दोन दिवसांनी वणीच्या आभाळात खरंच काळं दाटायचं.

आता मूळ गोष्ट. गेल्या पावसाळ्यात चाचांच्या उरल्यासुरल्या दाढांनी दगा दिला. जेवण होईना, झोप होईना. नुजहत शाळेत शिकवते, तिला नाही म्हणायची घरात कोणाची टाप नाही. तिने बापाला यवतमाळला नेलं आणि दसऱ्याच्या आत वरखाली कवळी बसवून दिली. जिनिंगमध्ये चाचांनी सांगितलं, बाभुळगावला साडूकडे गेलतो. कवळी इतकी बेमालूम होती की हमालांनाही पत्ता लागला नाही. चाचांनी घरी आरशात पाहून दोनदा हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गेटावर उभे राहिले. सरकी फोडली. कट्ट. त्यांना हायसं वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि उभ्या फुटलेल्या कापसावर तीन दिवस पाऊस कोसळला. उघडीप पडताच गाड्यांची रांग लागली. त्या रांगेत नंदाबाई होती. चार एकरांची मालकीण, तोंडाची फटकळ, तितकीच सरळ. "त्या उपसागराले आमचंच वावर दिसते काय हो भाऊ?" ती उतरता उतरता म्हणाली. चाचांनी तिच्या गाडीतली सरकी दाढेखाली धरली. कट्ट.

"कोरडा," चाचा म्हणाले.

नंदाबाईने आपली सरकी फोडली. तिचं तोंड वाकडं झालं. "मले तं नरमच वाटून राह्यली, भाऊ. अजून दोन दिवस वाळवाले ठेवतो म्हटलं होतं मी, पण पोरगा म्हणे घेऊन जा."

विकणारी बाई स्वतःच्या मालाविरुद्ध बोलत होती. दुसरा कोणी असता तर कान टवकारले असते. चाचांचे कान नव्हे, नाक वर झालं. "नंदाबाई, पंचेचाळीस वर्सं झाली मले. तुम्ही मले शिकवता काय?"

"तुमचा दात खोटा कसा होईन," असं म्हणून तिने गाडी आत घेतली. तिच्यामागे चार दिवस गाड्या येत गेल्या आणि त्या चार दिवसांत एकही सरकी चेपली नाही. चाचांना यात नवल वाटायला हवं होतं. त्यांना उलट मान ताठ झाल्यासारखं वाटलं. गाठी बांधल्या गेल्या, तोफज्जलसाहेबांचा फोन आला, "दांत लगाया?" "लगाया." दोन कंटेनरांचा माल रस्त्याला लागला.

त्यानंतर आठवडाभराने चाचा घरी चहाबरोबर चिवडा खात बसले होते. दिवाळीचा चिवडा शेठच्या घरून आलेला. त्यांनी मूठ तोंडात टाकली आणि पसंतीने मान हलवली. रशीदाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, चार दाणे तोंडात टाकले आणि थू केलं. "डब्बा खुला रह गया था. पूरा नरम पड गया. आप कैसे खा रहे?"

"नरम? कडक तो है," चाचा म्हणाले, आणि पुढची मूठ तोंडापाशीच थांबली.

त्यांनी पुन्हा एक दाणा चावला. कुरकुर झाली. ती दाण्याची नव्हती, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटत होतं. चप्पल न घालताच ते जिनिंगकडे निघाले होते, रशीदाने फाटकातून हाक मारून चप्पल दिली. जिनिंगमध्ये प्रत्येक लॉटचा नमुना कागदात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यांनी त्या चार दिवसांचे नमुने उघडले आणि नाकाला लावले. एका पुडीला ओल्या पोत्यासारखा वास. दुसरीला तोच. तिसरीत रुई पिवळट पडायला लागली होती. गाठीत दाबलेल्या रुईचं आत काय होत असेल, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून चाचांना बसवेना. गेटावरून काट्यापर्यंत, काट्यावरून गंजीपर्यंत, तिथून परत गेटावर. गाडी आली की पोट दुखतं सांगून सरकी हमालाला फोडायला लावत. नमाजात रकातींची मोजणी चुकू लागली. मोबाइलवर उपसागराचं चित्र उघडून बघत. त्यात आणखी एक पांढरा भोवरा फिरत होता. "जहाज अभी विशाखापट्टणम में ही अटका है," तोफज्जलसाहेबांनी सांगितलं होतं, "समुंदर खराब है. इस बार देर होगी." चाचांना वाटे, भोवरा तिथेच राहावा. लगेच वाटे, या भोवऱ्याने आपल्याच गावांचा उरलेला कापूस भिजणार, आपण काय मागतोय! ते स्वतःवरच चिडत आणि पुन्हा चित्र उघडत.

"तो बता क्यूं नहीं देते?" रशीदा म्हणाली.

"वहां भी जांच होती है. पकड लेंगे वो लोग," चाचा म्हणाले. हेच ते स्वतःलाही दिवसातून दहा वेळा सांगत होते. तिकडे मोठी गिरणी, हुशार साहेब, यंत्रं. माल उतरला की गाठी उघडतील, ओल्या निघाल्या तर बाजूला काढतील. आपण एकटे थोडेच आहोत!

पण हे समाधान सहा दिवसच पुरलं. सातव्या दिवशी सकाळी चाचा शेठच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि बोलण्याऐवजी खालची कवळी काढून टेबलावर ठेवली. घनश्यामशेठ वयाने पोरगाच, वडिलांच्या मागे गादीवर बसलेला. तो खुर्चीसकट मागे सरकला.

"हे काय चाचा?"

चाचांनी बोबड्या जिभेने सगळं सांगितलं. शेठने रुमालाने कवळी उचलून चाचांच्या हातात दिली.

"आधी हे लावा. आन् आता आयका. माल गेला. आपल्या गेटाबाहेर हाय. तिकडं त्यायची मशीन हाय, मान्सं हाय. त्यायले सापडन तं सापडन, तवाचं तवा पाहू. तुम्ही काहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?"

"त्यायनं मायावाल्या शब्दावर घेतला, शेठ."

"शब्दावर जिनिंग चालत नाई. उद्या हे बाहेर फुटलं तं एकही गाडी या गेटात येनार नाई. साठ घरं चालतात इथं." शेठचा आवाज चढला नाही, पण बोट दाराकडे गेलं. "बाबांनी तुमाले चाचा म्हणायले शिकवलं म्हणून सांगतो. गेटावर या, बसा, पगार घ्या, यंत्र मी बाहेर काढतो. पण तिकडं फोन केला, तं उद्यापासून गेटात पाय ठेवू नका."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही चाचांना छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. साठ घरांमध्ये त्यांचं स्वतःचंही एक होतं. ते बाहेर येऊन गेटाजवळच्या बाकावर बसले. समोर गाड्या उभ्या होत्या. एक म्हातारा शेतकरी जवळ आला, बुचकाभर कापूस पुढे केला आणि म्हणाला, "चाचा, तुमीच लावा दात. दुसऱ्याचा भरोसा नाई मले."

चाचा उठले. गंजीच्या मागे गेले, जिथे हमाल डबे खातात, आणि त्यांनी फोन लावला.

तिकडे वारा इतका होता की तोफज्जलसाहेबांचा आवाज तुटत येत होता. "हां अय्यूबभाई! खुशखबर है, आज शाम को जहाज छूटेगा."

"साहब, मत छोडिए," चाचा म्हणाले. "दोनों कंटेनर गीले हैं. मेरे दांत नकली हैं. दसहरे से. मुझे गीला-सूखा कुछ समझ में नहीं आया. एक औरत ने मुंह पर बोला, मैंने उसकी भी नहीं सुनी."

"माल उतरवा देता हूं," साहेब म्हणाले. आवाज कोरडा होता. "ये लॉट नहीं लूंगा. घनश्यामजी को मैं बोलूंगा."

"जी. वैसे वहां आपकी जांच में तो आ ही जाता," चाचा म्हणाले. आपण फार मोठं काही केलेलं नाही, असं त्यांना स्वतःला ऐकवायचं होतं.

"कौन सी जांच?"

"गांठ खोलकर देखते होंगे ना आप लोग."

"बाकी सबका देखते हैं," तोफज्जलसाहेब म्हणाले. "आपका लॉट छह साल से नहीं खोला. सीधे मशीन पर जाता है. लडकियां हाथ डालती हैं उसमें, और क्या."

सहा वर्षं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपल्या मागे कोणीतरी बसलंय, चुकलं तर धरणारं, दुरुस्त करणारं. त्या भरवशावर तर त्यांनी सात रात्री काढल्या होत्या.

"मतलब छह साल कोई देख ही नहीं रहा था?"

"आप थे ना," साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाशी तरी बंगालीत बोलत त्यांनी फोन ठेवला.

अय्यूबचाचा रडले. हमालांच्या डब्यांशेजारी, कापसात तोंड खुपसून, लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. नोकरी गेली म्हणून नव्हे. एवढा मोठा भार सहा वर्षं आपल्या एका दाढेवर होता, हे त्यांना आज कळलं होतं, आणि तो आज खाली ठेवला होता. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, खुंटीवरची पिशवी आणि भरलेला डबा घेतला. शेठच्या खोलीतला फोन वाजायला लागला होता. चाचा कुणी सांगायच्या आधीच गेटाकडे निघाले.

"चाचा, आज एवढ्या लवकर?" चौकीदाराने विचारलं.

"हाव," चाचा म्हणाले, "झालं मायावालं काम." आणि त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यापाशी थांबून त्यांनी सांगितलं, "बाबा, सरकी तुमची तुमीच फोडा. आन् ओली लागली तं ओली म्हना, कोनी कितीही मोठा असो."