मुलीचं देवाशी भांडण

माझे यजमान नगरकडचे. त्यांचे वडील चर्चमध्ये पाळक होते, त्यामुळे प्रार्थना कशी करायची, कोणत्या शब्दांत करायची, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. मी मुकुटबनजवळच्या एका खेड्यातली. हे पांढरकवड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले, आमचं लग्न झालं आणि आम्ही तिथंच राहिलो. गावात ख्रिस्ती घरं अगदी थोडी. रविवारी कुणाच्या तरी घरी उपासना व्हायची. बाकी आठवडाभर मुलीला जे शिकवायचं ते आम्हालाच. म्हणून संध्याकाळची प्रार्थना कधी चुकायची नाही. दिवेलागणीला मी सतरंजी अंथरायची, हे बायबल वाचायचे, एखादं गीत व्हायचं आणि शेवटी प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची.

मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिची भाषा गल्लीतली, म्हणजे माझ्या माहेरचीच. एका संध्याकाळी तिनं हात जोडले. "देवा, मले उद्या गणित येऊ दे."

"मला म्हण," हे डोळे मिटूनच म्हणाले.

"मला येऊ दे. अन् बाईनं मारू नाही."

"मारू नये."

तिनं जोडलेले हात सोडले. दुसऱ्या दिवसापासून तिची पाळी आली की नुसतं "आमेन" म्हणायची आणि उठायची.

मी स्वयंपाकघरात यांना म्हटलं, "अहो, ती देवाशी बोलत होती. तुमच्या वर्गात बसली नव्हती."

"देवासमोर तरी नीट बोलायला नको?"

"तिच्यासाठी तेच नीट आहे. मीसुद्धा अशीच बोलायचे."

हे वह्या तपासायला बाहेर निघून गेले.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक बौद्ध कुटुंब राहायचं. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, आणि त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात. दोघी सदा एकमेकींच्या घरात. कापसाची ती वर्षं वाईटच होती. त्या साली तर जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागलीच नाही आणि काम बंद पडलं. तो माणूस कामासाठी सीमेपलीकडे आंध्रात, आदिलाबादकडे गेला. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या एसटीडीवर त्याचा फोन यायचा, पुढं तोही थांबला. बायको शेतात मजुरीला जायची आणि पोरगी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे असायची. प्रार्थनेच्या वेळी तीही सतरंजीवर बसायची. मी तिच्या आईला मुद्दाम विचारलं, "आमच्या प्रार्थनेला बसते ती. तुम्हाला चालेल ना?"

"बसू द्या ना ताई. चांगलंच सांगता तुमी. आमची वंदना पाठ हाय तिले, ते काई इसरत नाही ती."

एके दिवशी ती पोरगी गीत चालू असतानाच रडायला लागली. आमच्या मुलीनं तिचा हात धरला आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "देवा, इच्या बाबाले घरी पाठव. फोन बी नाही करून राह्यले ते. इची आई रडते. तुले दिसले असतीन तर इले सांग."

मी हळूच यांच्याकडे पाहिलं. यांचे ओठ हलले आणि तसेच मिटले. मग सगळ्यांच्या आधी यांनीच "आमेन" म्हटलं.

त्यानंतर तिची हीच प्रार्थना रोज सुरू झाली. पण खबर काही येईना. एकदा तिनं विचारलंच, "पप्पा, देव ऐकून नाही राह्यला काय?"

मला वाटलं, हे आता बायबलमधलं एखादं वचन सांगतील. हे तिच्या शेजारी जाऊन बसले. "ऐकतो, असं मी मानतो बेटा. पण मग तिचे बाबा का येत नाहीत, ते मला माहीत नाही. आपणही शोधून पाहू."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की हे सायकल घेऊन हैदराबाद रोडवरच्या ढाब्यांवर जायला लागले. ट्रकवाल्यांना थांबवून विचारायचे. एरवी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे यांना मोठं संकट. शेवटी एका ड्रायव्हरनं वर्णनावरून त्याला ओळखलं. तो माणूस तिकडच्या एका जिनिंगमध्ये होता. काविळीनं बरेच दिवस पडून होता आणि रिकाम्या हातानं घरी काय तोंड दाखवू म्हणून फोन करायचा टाळत होता. बायकोचा निरोप त्याच ड्रायव्हरनं नेला, आणि पोरीचा बाप घरी आला.

आमची मुलगी गल्लीभर सांगत सुटली. पण चार दिवसांत कळलं, की तो बायको-पोरीला न्यायलाच आला आहे. तिकडं काम होतं, राहायला खोली मिळाली होती. सामान टेम्पोत चढलं. दोघी पोरी एकमेकींना धरून उभ्या होत्या, त्यांना सोडवताना आम्हा दोघी आयांचेही डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी मुलगी सतरंजीवर बसेना. "म्या घरी पाठव म्हतलं होतं. तिले घेऊन जा, असं कुठी म्हतलं होतं?"

मी समजूत घालायला पुढं झाले, तर यांनी मला हातानं थांबवलं. "हे त्यालाच सांग," हे म्हणाले.

"मले राग आला हाय."

"मग रागानं सांग. मी मधे बोलणार नाही."

ती बसली. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. "तुनं अर्धंच ऐकलं," ती वर पाहून म्हणाली. "माही एकच पक्की मैत्रीण होती. कायले नेलं तिले? आता म्या नाही बोलत तुह्याशी." आणि उठून गेली.

मी घाबरले. एवढ्याशा पोरीचं देवाशी बिनसलं, आता हिला कसं वळवायचं? हे मात्र गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून होते. "इतकी खरी प्रार्थना मला अजून जमली नाही," हे म्हणाले.

आम्ही तिला बोलायचा आग्रह केला नाही. ती सतरंजीवर यायची, ऐकायची, तोंड मिटून उठायची. असेच बरेच दिवस गेले. मग एकदा, यांची प्रार्थना संपल्यावर मी दिवा उचलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तिले तिकडची तेलुगू लवकर येऊ दे. नाहीतर वर्गात कोण बोलंन तिच्याशी?"

शेजारच्या खोलीत पुढं नवे भाडेकरू आले. त्यांचं सामान उतरतच होतं, तोवर आमची मुलगी दारात जाऊन पाहून आली.

"पोरगी हाय, पण रांगते अजून," ती हिरमुसून म्हणाली. आणि थोड्या वेळानं मी पाहते तर ती त्या बाळाला कडेवर घेऊन आमच्याच अंगणात फिरत होती.