क्लिफ ओल्डरॉइडचे पावणेपाच मैल

क्लिफ ओल्डरॉइडला त्याच्या लग्नाची तारीख विचारली, तर तो आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा. पण डुकरवाड्याच्या वळणावरचा डावा रूळ कधी बदलला ते विचारा. वार, तारीख, त्या दिवशी धुकं होतं की गारा, आणि जेवणाच्या डब्यात कुणी काय आणलं होतं, सगळं घडाघडा सांगायचा. इनिड, म्हणजे त्याची बायको, भर बाजारात मोठ्यानं म्हणायची, "मी लोखंडाची असते तर माझाही वाढदिवस याच्या लक्षात राहिला असता." आमच्या क्रॅगबेकमध्ये घरातली गोष्ट घरात ठेवायची पद्धत नाही. ठेवली तर शेजारणी काळजीत पडतात.

इनिडची आणखी एक तक्रार होती. रुळांखाली आडव्या टाकलेल्या स्लीपरांमधलं अंतर माणसाच्या पावलाला बसत नाही. एक पाऊल टाकावं तर जास्त होतं आणि अर्धं टाकावं तर कमी. एकतीस वर्षं त्यावरून चालून क्लिफची चाल कायमची बिघडली होती. सपाट रस्त्यावरही तो आखूड आखूड पावलं टाकत, ढोपरं बाहेर काढून चालायचा. "चर्चमध्ये याच्या शेजारून चालणं म्हणजे बदकाशी लग्न लावल्यासारखं वाटतं," असं इनिड म्हणे. तरी दर रविवारी त्याच्याच शेजारून चालायची.

क्लिफ रेल्वेच्या गँगचा मुकादम. पाच माणसं, रुळांकडेला एक लाकडी खोपटं, त्यात एक शेगडी, शेगडीवर बेकनची कढई आणि डांबरासारखा चहा. पावणेपाच मैल रूळ या पाच जणांच्या ताब्यात. सोमवारी आणि गुरुवारी क्लिफ ते सगळे मैल पायी तपासायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत लाल बावटा आणि रुळाला बांधायचे फटाके. गाडीचं चाक फटाक्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर कचकन ब्रेक लावतो. नियम अगदी साधा होता. रुळात वाईट काही दिसलं की मुकादमानं कुणालाही न विचारता, गाडी येते त्या दिशेला धावत सुटायचं, लांब जाऊन फटाके लावायचे आणि बावटा धरायचा. आधी धावायचं, मग सांगायचं.

अशा सात गाड्या क्लिफनं थांबवल्या होत्या. त्यातली एक तर अजून क्रॅगबेक विसरलेलं नाही. रुळाला उभी चीर गेली म्हणून यानं लीड्सची एक्स्प्रेस थांबवली. तीनशे माणसं खिडक्यांतून डोकी काढून बसली. जुने इन्स्पेक्टर हेपवर्थ साहेब आले, गुडघ्यावर बसले आणि चिमटीत धरून ती चीर उचलून हातात घेतली. डांबर लागलेला काळा दोरा होता! साहेबांनी तो बंडीच्या खिशात ठेवला आणि संध्याकाळी गावच्या क्लबात येऊन स्वतःच्या हातानं क्लिफला बिअरचा ग्लास आणून दिला. "ज्यानं आयुष्यात एकदाही उगाच गाडी थांबवली नाही," ते म्हणाले, "तो माणूस नीट बघत नसतो."

त्या रात्रीपासून क्लिफचं नाव 'दोरा' पडलं. ठेवलं नॉर्मन लडलमनं. नॉर्मन आमच्या गावचा न्हावी. त्याची बायको हिल्डा लोकरीचं दुकान चालवायची, आणि दोघांच्या दुकानांतून मिळून गावातली एकही बातमी निसटत नसे. क्लिफ आणि नॉर्मन दर गुरुवारी डॉमिनो खेळत. नॉर्मन सोंगट्या लपवायचा; क्लिफला ते माहीत होतं, आणि हे नॉर्मनलाही माहीत होतं.

शहाण्णव साली सरकारनं रेल्वे विकली. सगळी एकाच्या गळ्यात बांधली असती तरी एक वेळ निभलं असतं. पण वाटणीच अशी केली की रूळ एका कंपनीचे, गाड्या दुसरीच्या, डबे तिसरीचे आणि तेही भाड्यानं, आणि रूळ दुरुस्त करायचं कंत्राट चौथीला. एक ना धड, भाराभर चिंध्या. क्लबात कुणीतरी विचारलं, "मग गाडीची शिट्टी कुणाची?" नॉर्मन म्हणाला, "शिट्टीचं टेंडर अजून निघायचंय." त्या वर्षी आम्ही पुष्कळ हसलो.

पाचातले दोघे मिळेल ते घेऊन घरी बसले. एक दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेला, एकानं मासे तळायचं दुकान काढलं. खोपट्याला कुलूप लागलं. क्लिफ उरला, कारण पायी चालून बघणारा कुणीतरी लागतोच. त्याच्या पावणेपाचाचे एकोणीस मैल केले. आठवड्यातून दोनदा जिथं त्याची नजर फिरायची तिथं आता पंधरवड्यातून एकदा फिरू लागली. दुरुस्तीची माणसं चाळीस मैलांवरून व्हॅनमधून येत. आज याची माणसं, उद्या त्याची. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता.

आणि मिनिटं मोजायची नवी विद्या आली. गाडीला उशीर झाला की तो कुणामुळे झाला हे ठरवायचं, आणि ज्याच्यामुळे झाला त्यानं भरपाई द्यायची. त्यासाठी कारकुनांची फौज बसवली. एकदा गाडीखाली हंस सापडला, तर दोन कंपन्या अकरा दिवस भांडल्या, की हंस रुळांच्या खात्यातला की गाडीच्या. ज्या रेल्वेत हंसाचा हा खटला, तिथं बावटा धरून गाडी थांबवणारा माणूस म्हणजे घरातला चोरच.

अठ्ठ्याण्णवच्या शरदात डुकरवाड्याच्या वळणावर, त्याच डाव्या रुळाच्या आतल्या कडेला, क्लिफला बारीक रेघा दिसल्या. कोळ्याचं जाळं पडावं तशा. दोरा नव्हता, यानं नखानं दहादा खरवडून बघितलं. त्यानं लिहून कळवलं. पुन्हा कळवलं. फेब्रुवारीत नवा रूळ आला आणि जुन्याच्या शेजारी खडीवर आडवा पडला. तिथंच घोटाळा झाला. जो येई तो नवा रूळ बघे आणि म्हणे, चला, काम मार्गी लागलं. बसवायला मात्र गाड्या आठ तास बंद हव्यात. गाडीवाली कंपनी वेळ देईना. एकदाचा वेळ मिळाला, तर कंत्राटदाराचं यंत्र दुसऱ्या गावी होतं. नवा रूळ तिथंच गंजायला लागला. त्याच्या बाजूनं पिवळी फुलं उगवली.

गाड्या निदान हळू चालवा, असं क्लिफनं कळवलं. हळू म्हणजे रोज मिनिटं जाणार. उत्तर आलं नाही.

जूनमध्ये रेघा एकमेकींना मिळालेल्या दिसल्या, तेव्हा त्यानं जुना नियम पाळला. धावला, फटाके लावले, गाडी थांबवली. बावन्न मिनिटं गेली. रुळात आवाज सोडून आतली चीर ऐकणारं यंत्र घेऊन तपासणारे आले. रूळ वरून इतका खवल्याखवल्यांचा झाला होता की यंत्राला आतलं काही ऐकूच येईना. त्यांनी लिहिलं, 'निष्कर्ष नाही.' वरच्या ऑफिसात त्याचा अर्थ 'दोष नाही' असा लागला.

कंत्राटदाराचा साहेब हॅलम, वय चौतीस. आधी बिस्किटांच्या कारखान्यात होता. वाईट माणूस नव्हता. मी उगाच कुणाला वाईट म्हणणार नाही, मजा जाते. त्यानं क्लिफला बोलावलं.

"बस, क्लिफ. आणि मला सायमन म्हण."

"बरं, मिस्टर हॅलम."

"रूळ तुटला होता का?"

"नाही."

"मग बावन्न मिनिटं कशासाठी गेली?"

"तुटल्यावर थांबवायला माझी गरज नसते. ती आपोआप थांबते."

हॅलमनं समोरची फाइल उघडली. मग म्हणाला, "तुला गावात दोरा म्हणतात ना?"

क्लिफचे कान लाल झाले. त्या नावानं त्याला आख्खं गाव हाक मारायचं, पण टेबलाच्या पलीकडून ते पहिल्यांदाच आलं.

त्याला पत्र मिळालं. यापुढे आधी कंपनीच्या मोबाईलवरून नियंत्रण कक्षाला विचारायचं आणि होकार मिळाल्यावरच गाडी थांबवायची. पुन्हा स्वतःच्या मनानं थांबवली तर रुळांवर पाय ठेवायचा परवाना रद्द.

इनिडनं पत्र वाचलं. "दे फेकून तोंडावर. दोन वर्षांनी निवृत्तच होणारेस."

"मी गेलो तर तिथं कोण चालेल?"

"कुणीतरी चालेल."

"व्हॅनमधलं पोरगं येईल. नवा रूळ बघेल आणि पुढं जाईल." त्यानं पत्राची घडी घातली. "मी तिथं असलो तर निदान बघेन तरी."

नंतर इनिडनं हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, माणूस स्वतःला गप्प बसायला लावतो तेव्हा अशीच चांगली कारणं शोधतो.

चौदा ऑक्टोबर, गुरुवार. सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन स्वच्छ होतं, डुकरं चिखलात लोळत होती. क्लिफ वळणावर आला आणि थांबला. रुळाच्या डोक्यावरून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा निघाला होता. आतलं लोखंड चांदीसारखं चमकत होतं, म्हणजे ताजं. घड्याळात बघितलं. लीड्सची गाडी नऊ मिनिटांवर. वेगात येणारी गाडी थांबायची तर फटाके खूप पुढं लावायला हवेत. आखूड पावलांनी का होईना, धावलं तर सात मिनिटं लागतात. एकतीस वर्षांच्या हिशोबात चूक नव्हती.

त्याचा हात पिशवीत गेला. बावट्याची काठी हाताला लागली. मग हात बाहेर आला आणि त्यानं मोबाईल काढला.

"रूळ तुटलाय का?" पलीकडून एका मुलीनं विचारलं.

"तुकडा निघालाय."

"पण तुटला नाहीये?"

"अजून नाही, बाई. गाडी थांबवायचीय. लगेच."

"इंजिनियरना जोडून देते हं. फोन धरून ठेवा."

फोनमध्ये गाणं वाजायला लागलं. बासरीचं काहीतरी. क्लिफ वळणावर उभा राहून ते ऐकत होता. मध्येच एक बाई, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं सांगून जायची. एक मिनिट. दुसरं मिनिट. तिसरं संपता संपता त्यानं फोन खडीत टाकला आणि धावत सुटला.

ड्रायव्हर वाचला. त्यानं पुढं सांगितलं, की रुळाकडेनं एक म्हातारा ढोपरं बाहेर काढून धावत येत होता, लाल बावटा डोक्यावर फिरवत. त्यानं लगेच ब्रेक लावला. पण म्हातारा जिथं दिसायला हवा होता तिथं नव्हता, वळणाच्या फार जवळ होता.

इंजिन आणि दोन डबे वळणावरून पार झाले. तिसऱ्याखाली रुळाचे तुकडे तुकडे झाले. तो डबा डुकरवाड्याच्या भिंतीवर आडवा गेला, आणि चौथा त्याच्यावर. पाच माणसं गेली. चार परगावची. पाचवी हिल्डा लडलम. डोळे तपासायला लीड्सला निघाली होती.

क्लिफनं तिला बाहेर काढायला हात दिला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, म्हणून मीही बोलणार नाही.

चौकशी पुढच्या वसंतात झाली. आदल्या दिवशी हॅलम वकिलाला घेऊन क्लिफच्या स्वयंपाकघरात आला. इनिडनं चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

वकील म्हणाला, "तुम्हाला एकच प्रश्न येईल, मिस्टर ओल्डरॉइड. फोनवर न थांबता धावला असतात तर वेळेत पोचला असतात का? यावर प्रामाणिक उत्तर एकच आहे. सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

"तुझ्याच भल्याचं आहे, क्लिफ," हॅलम म्हणाला. तो फार वाळला होता, हे सांगायला हवं. "तुझ्यावर काही येणार नाही. आमच्यावरही नाही."

"मग कुणावर येईल?"

दोघांनीही चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात वकीलच वकील. रूळवाल्या कंपनीनं सांगितलं, देखभाल कंत्राटदाराची. कंत्राटदारानं सांगितलं, वेळ गाडीवाल्यांनी दिला नाही. गाडीवाले म्हणाले, आमच्याकडे नीट मागितलाच नाही. यंत्रवाले म्हणाले, आम्ही निष्कर्ष नाही असंच लिहिलं होतं. सगळ्यांचे कागद चोख होते. नॉर्मन पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर टोपी ठेवून बसला होता.

क्लिफला तो प्रश्न आला.

"हो," तो म्हणाला. "पोचलो असतो."

"हे तुम्ही इतकं खात्रीनं कसं सांगता?"

"सात मिनिटं लागतात. माझ्याकडे नऊ होती. तीन मी गाणं ऐकण्यात घालवली."

"पण तुम्हाला तसा लेखी आदेश होता ना?"

"होता. पण पाय माझे होते."

कंत्राटदाराच्या वकिलानं समोरची वही मिटली. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर क्लिफचा फोटो छापला, खाली एकच ओळ: 'मी थांबवू शकलो असतो.' रुळाचा फोटो आतल्या पानावर होता. चारही कंपन्यांनी दुःख व्यक्त केलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. क्लिफचा परवाना मात्र रद्द झाला.

गावात दोन तट पडले. निम्मे म्हणत, येडा आहे, सगळे हात झटकत असताना यानं ओंजळ पुढं केली. निम्मे काहीच म्हणत नसत, पण तो आला की क्लबातला आवाज खाली जायचा. तरी क्लिफ दर गुरुवारी येऊन त्याच टेबलाशी बसायचा. समोरची खुर्ची रिकामी.

सहाव्या की सातव्या गुरुवारी नॉर्मन आला. कोट न काढता टेबलाशी उभा राहिला. मी शेजारच्याच टेबलावर होतो, आणि खोटं कशाला बोलू, कान टवकारूनच बसलो होतो.

"चार कंपन्यांची चार पत्रं आली मला," नॉर्मन म्हणाला. "सगळ्यांत मजकूर तोच. आमची जबाबदारी नाही, पण आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत."

क्लिफनं हातानं समोरची खुर्ची दाखवली.

"रात्रभर मी विचार करतो, शिव्या कुणाला घालू? हॅलमला घालाव्यात, तर तो उद्या पुन्हा बिस्किटं करेल. सरकारला घालाव्यात, तर ते सरकारच गेलं. त्या फोनवरच्या पोरीला घालाव्यात, तर ती रडून आजारी पडलीय म्हणे." त्यानं खिशातून ती चार पत्रं काढून टेबलावर ठेवली. "सगळ्यांत एकटा तूच म्हणालास, माझं चुकलं. त्यामुळे राग धरायला मला तूच सापडलास, क्लिफ. दुसरं कुणी सापडतच नाही."

क्लिफनं मान वर केली.

"मग धर," तो म्हणाला.

नॉर्मन निघून गेला. ही गोष्ट घडली तेव्हा दोघेही साठीच्या आसपास होते, आणि त्यानंतर चौदा वर्षं एकाच गावात जगले. क्रॅगबेकमध्ये न्हावी एकच, नॉर्मन. क्लिफ केस कापायला दर महिन्याला बस धरून शेजारच्या गावी जायचा.