झाकण बसल्याचा आवाज

दूध वर यायच्या बेतात होतं. माझा एक डोळा पातेल्यावर होता आणि दुसरा खिडकीवर. सकाळचं ऊन आमच्या स्वयंपाकघरात एकदम शिरत नाही. आधी ते पालथ्या घातलेल्या कपांच्या कडांवर बसतं, मग ओट्याच्या काठावरून सावकाश खाली सरकतं, आणि तेवढ्या वेळात सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं मऊ होऊन जातं. तेव्हा मी कुणाशी बोलत नाही आणि घरातही कुणी माझ्या वाटेला जात नाही. आत हे आरशासमोर दाढी करत होते. नळाची बारीक धार, मधेच मगाला ब्रश आपटल्याचा आवाज, बास.

तेवढ्यात बेल वाजली. गॅस बारीक करून वळते न वळते तोच दारावर थापही पडली, तळहाताने मारलेली, भक्कम.

दारात उस्ताद उभे.

"तुमची बेल बंद पडलीय, वहिनी," ते म्हणाले. "मागच्या खेपेलाही दाबली तर गप्पच. एकदा येऊन नीट करून देतो."

बेल तर आत्ताच वाजली होती. आमच्या बेलचा आवाज बारीक आहे, पाखरासारखा, पण ती बंद आहे अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती. मात्र दूध वर येत असताना माणूस बेलवरून वाद घालत बसत नाही. "आत या," म्हणत मी गॅसकडे धावले.

गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे त्याचे मालक, मिस्त्री आणि झाडूवाले, सगळे एकटे उस्तादच. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असावं, बाकीच्यांना ते उस्तादच. उंच, किंचित वाकलेले, नखांत काळं कायमचं मुक्कामाला आलेलं, आणि मान जराशी एका बाजूला कललेली, जणू कुणी शेजारून कानात काही सांगतंय. सांगतच होतं म्हणा. जन्मभर त्यांनी गाड्यांचं ऐकून घेतलं. शिकाऊ असताना त्यांच्या गुरूंनी त्यांना बरेच दिवस पान्याला हात लावू दिला नव्हता. इंजिनावर जाड चादर टाकायची, गाडी चालू करायची आणि विचारायचं, "सांग, हिला कुठे दुखतंय?" असे त्यांचे कान तयार झाले. पुढे पुढे तर लोक परगावाहून फोन करायचे, फोन बॉनेटपाशी धरायचे, आणि उस्ताद इकडे डोळे मिटून सांगायचे, "पट्टा सैल झालाय. सावकाश घेऊन या, घाबरायचं काम नाही." हल्ली मात्र ते फोनवरून ऐकत नाहीत. हल्लीच्या फोनांत दम नाही म्हणतात, नुसती घरघर येते.

माझ्या मिक्सरच्या भांड्याचं झाकणही एकदा त्यांनीच बसवून दिलं होतं. मी ते अर्धवट लावून रोज वैतागत होते. त्यांनी अंगठ्याने दाबलं, टक झालं, आणि म्हणाले, "वस्तू जागेवर बसली की स्वतः सांगते, वहिनी. ती सांगेपर्यंत दाबायचं. सांगितलं की सोडायचं." तेव्हापासून मी डबे, कपाटं, खिडक्या, सगळं तसंच लावते. त्या टकनंतर मनाला जी स्वस्थता येते ती काही औरच.

त्या दिवशी ते आले होते आमच्या गाडीसाठी. आदल्या दिवशी त्यांनी तिचं नेहमीचं सर्व्हिसिंग केलं होतं. ऑइल बदललं, फिल्टर साफ केले, गाडी धुऊनपुसून दारात आणून लावली. संध्याकाळी आम्ही दोघं एक चक्कर मारायला निघालो, आणि मला शीळ ऐकू आली. ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला की पुढून कुणीतरी बारीक, लांबलचक शीळ घालायचं. पाय काढला की गप्प. झोपेत दुरून कुणी हाक मारावी आणि कोणाला मारली ते कळू नये, तशी.

"ऐकलंत?" मी ह्यांना विचारलं.

"काय?"

"शीळ. गाडी शीळ घालतेय."

"नवीन ऑइल मिळालंय. खुशीत असेल."

तरी परत आल्यावर ह्यांनी उस्तादांच्या कानावर घातलं. उस्तादांचा चेहराच उतरला म्हणे. त्यांच्या हातून गेलेली गाडी नवा आवाज घेऊन परत आली, असं आमच्या गल्लीत तरी कधी झालं नव्हतं. गाडी त्यांनी तेव्हाच ठेवून घेतली, आणि सकाळी सकाळी ते दारात.

"लांबपर्यंत फिरवून आणली," आत येत ते म्हणाले. "शीळबीळ काही नाही. कानाला नळी लावूनही बघितली. इंजिन कसं लोण्यासारखं चाललंय."

मी ओट्याकडे तोंड करून चहा टाकत होते. "साखर किती घालू?"

मागून उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत उभे होते, पुढचं काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखे. पुन्हा विचारलं तेव्हा लगेच म्हणाले, "एक चमचा. तुम्हाला पक्की ऐकू आली शीळ?"

"पक्की."

"आणि भाऊंना?"

"त्यांचं काय घेऊन बसलात. ते गाडी चालवताना क्रिकेट ऐकत असतात."

उस्ताद हसले नाहीत. मी दिलेल्या कपातल्या वाफेत बघत राहिले. मग म्हणाले, "रोज तेच ते ऐकून कान निबर होत असतील. आज नळी तुम्ही धरा, वहिनी. तुमचा कान ताजा आहे."

हे बाहेर आले ते एका गालाला फेस लावून. "आणि मी काय करायचं?"

"तुम्ही आत बसून रेस द्या, भाऊ. कमी करा, वाढवा, कमी करा."

"अहो, दाढी अर्धीच झालीय."

"पुसू नका. गाडीला कुठे दिसतंय," मी म्हटलं, आणि आम्ही निघालो. ह्यांनी मात्र तोंडावर टॉवेल धरला होता, रस्त्यात कुणी भेटलं तर ओळख दाखवायला नको म्हणून.

उस्तादांचं गॅरेज आतून मला नेहमीच एखाद्या मोठ्या माशाच्या पोटासारखं वाटतं. वर पत्रा, त्याला बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक काडी खाली आलेली. धूळ त्या काड्यांतून तरंगत वर जाते, जमिनीवरचं सांडलेलं ऑइल मोरपिसासारखं चमकतं. आमची गाडी मधोमध उभी होती. पलीकडे एक निळी गाडी, तीही कालच सर्व्हिसिंग होऊन मालकाची वाट पाहत. वरच्या लोखंडी तुळईवर चिमण्यांची रांग बसली होती, आणि त्यांचा असा काही कलकलाट चालला होता की मला आवाज चढवून बोलावं लागलं.

उस्ताद मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. "पूर्वी ह्या चिमण्या काय ओरडायच्या, वहिनी. डोकं उठायचं. आता येतात, बसतात, चोची उघडतात, पण सगळ्या कशा मुकाट. हवेत काहीतरी झालंय."

मी वर पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. कलकलाट चालूच होता.

बेल, फोन, साखर, सगळं एकामागून एक माझ्या मनात येऊन बसलं. ज्याच्या कानांवर त्याचं सगळं घर उभं आहे, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ह्यांनीही ऐकलं होतं. गाडीत बसता बसता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल खाली घेतला. त्या फेसाची आता दोघांनाही गंमत वाटत नव्हती.

उस्तादांनी भिंतीवरची रबरी नळी काढली. हातभर लांब, जुन्या कुठल्याशा पाइपाची, एका टोकाला मऊ कापड गुंडाळलेलं. ते टोक त्यांनी नीट पुसून माझ्या हातात दिलं. "दुसरं टोक मी फिरवतो. शीळ आली की बोट वर करा. डोळे मिटलेत तर बरं."

मी डोळे मिटले, नळी कानाला लावली, आणि चिमण्या, गल्ली, सकाळ, सगळं बाहेर राहिलं. आत वेगळंच जग होतं. एखाद्या अनोळखी घरात कुणीतरी मला हात धरून खोल्याखोल्यांतून नेत होतं. एका खोलीत शिवणयंत्र चाललेलं. पुढच्या खोलीत कुणी जाड माणूस गाढ झोपून श्वास घेतोय. एके ठिकाणी पाणी वाहतंय, अगदी संथ, आणि त्याच्या काठाला बसून राहावंसं वाटावं इतकं गोड. ह्यांनी रेस वाढवली की सगळं घर जागं व्हायचं, कमी केली की पुन्हा डुलक्या घ्यायचं. माझ्या आईच्या मांडीवर कान टेकून झोपले की असंच काहीतरी आतून ऐकू यायचं. मी कशासाठी आले होते ते क्षणभर विसरलेच.

आणि मग एका वळणावर, अगदी कानाशी, शीळ.

मी बोट वर केलं. नळी किंचित सरकली, शीळ पुसट झाली. परत आली, तशी ती अशी काही कानात घुसली की मी डोळे उघडले.

"इथे," मी म्हटलं.

नळीचं दुसरं टोक हवेच्या फिल्टरच्या काळ्या पेटीपाशी होतं. उस्तादांनी ह्यांना गाडी बंद करायची खूण केली, पेटीच्या झाकणावरून बोट फिरवलं आणि एका कोपऱ्यात थांबले. तिथली क्लिप लागल्यासारखी दिसत होती, पण बसलेली नव्हती. फटीतून इंजिन हवा ओढत होतं, तीच शीळ.

"काल मीच लावली ही," ते हळूच म्हणाले. "स्वतःच्या हाताने."

त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबलं. टक.

"बसली," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "वाजली?"

"वाजली की. टक झालं ना."

त्यांनी क्लिप उघडली. पुन्हा दाबली. टक. ते आता पेटीकडे बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पुन्हा उघडली. ह्या वेळी मुद्दाम अर्धवटच दाबली, आणि भुवया उंचावून विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग पूर्ण दाबली, आणि मी हो म्हणायच्या आधीच त्यांना माझ्या डोळ्यांत उत्तर दिसलं.

गॅरेजमध्ये उन्हाच्या काड्या जराशा सरकल्या होत्या. उस्तादांनी मान वर केली आणि तुळईवरच्या त्या उघडमीट करणाऱ्या चोचींकडे बराच वेळ बघितलं.

"ओरडतायत?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"पहिल्यासारख्याच?"

"डोकं उठवतायत."

ते थोडंसं हसले, पाहुण्यांचा निरोप घेताना हसावं तसं. मग निळ्या गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं आणि त्याच पेटीवर हात ठेवला. मीही मागोमाग गेले. त्या झाकणाची एक बाजू उचललेली होती. तीही त्यांनी दाबली. मी मान डोलावली. नंतर त्यांनी झाकणाची सगळी कड बोटाच्या टोकाने चाचपली, डोळे मिटून, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत. एरवी ते ऐकताना जसा चेहरा करायचे, अगदी तसाच चेहरा होता.

"बोटालाही कळतं," ते म्हणाले. "पण त्याला शिकवावं लागेल."

"कान दाखवून घ्या एकदा," मागून हे म्हणाले. "मी येतो सोबत. हल्ली बरीच चांगली यंत्रं निघालीत."

उस्तादांना ते कळलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. "दाखवू. भाऊ म्हणतात तर दाखवूच." नळी त्यांनी गुंडाळून पुन्हा खिळ्याला अडकवली, जरा वेळ तिच्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग हात पुसत माझ्याकडे वळले.

"मला वाटायचं, लोक आता माझ्याशी नीट बोलत नाहीत," ते म्हणाले. "पुटपुटतात, उत्तर द्यायचं टाळतात. घरीसुद्धा. म्हटलं, वय झालं आपलं, कोण कशाला बोलेल."

मघाशी ओट्याकडे तोंड करून विचारलेली साखर मला आठवत होती.

"एक करा, वहिनी," उस्ताद म्हणाले. "माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघून बोलत जा."